सेंटिमेंट शीट अपडेट: जानेवारी 2008 विरुद्ध सप्टेंबर 2022

मंडळी, मधे बराच गॅप पडला पण काम चालू होतं. नवीन लोकांसाठी थोडक्यात, बाजारात लोक किती घाबरलेत किंवा किती हवेत आहेत हे नुसत्या सर्व्हेच्या आकड्यावरून न ठरवता तेव्हाची इकॉनॉमी शेजारी ठेवून बघायचं, एवढाच हा उद्योग. डेटा अमेरिकेचा, कारण एएआयआय या तिथल्या छोट्या गुंतवणूकदारांच्या संघटनेचा दर आठवड्याचा बुल-बेअर सर्व्हे (बाजार चढेल म्हणणारे ते बुल, पडेल म्हणणारे ते बेअर) 1987 पासून सलग मिळतो.

सगळ्यात जास्त वेळ डेटानेच खाल्ला. फ्रेड या अमेरिकी आर्थिक आकड्यांच्या साइटवरून आजची सिरीज उचलली तर ती सुधारलेली असते, त्या दिवशी लोकांसमोर काय आकडा होता ते त्यात दिसतच नाही. 2008 च्या शेवटच्या तिमाहीचा जीडीपी घ्या, जानेवारी 2009 अखेर पहिला अंदाज आला उणे 3.8 टक्के, महिन्याभरात तोच उणे 6.2 झाला आणि पुढच्या वर्षांतल्या रिव्हिजनमध्ये उणे 8 च्याही खाली गेला. आता आजचा आकडा लावला तर तेव्हाची भीती अगदी रास्त वाटते, पहिला लावला तर लोक जरा जास्तच टरकले होते असं दिसतं. म्हणून सगळं अल्फ्रेड या फ्रेडच्याच जुन्या आकड्यांच्या संग्रहावरून घेतलंय, त्या तारखेला छापलेला आकडा आणि तोही जाहीर झाल्या दिवसापासूनच (ऑगस्टची महागाई सप्टेंबरच्या मध्यात कळते, त्याआधी ती शीटमध्ये येता कामा नये). कंटाळवाणं काम आहे पण हे नसेल तर पुढचं सगळं फुकट.

पद्धत म्हणजे बेकर-वर्गलर यांच्या 2006 च्या पेपरातल्या कल्पनेची गरीब आवृत्ती. बुल वजा बेअर हा फरक बेरोजगारी, महागाई आणि यील्ड कर्व्ह (लांब आणि छोट्या मुदतीच्या सरकारी रोख्यांच्या व्याजातला फरक) यांवर रिग्रेस करायचा, म्हणजे त्यांच्यावरून तो किती असायला हवा ते काढायचं, आणि जे उरेल ती इकॉनॉमीच्या हिशोबात न बसणारी भीती किंवा हाव.

आता मजा. 10 जानेवारी 2008 च्या आठवड्यात बेअर 59 टक्के होते आणि बेरोजगारी फक्त 5.0. सप्टेंबर 2022 मध्ये बेअर 60.9 आणि बेरोजगारी 3.7. नुसती बेरोजगारी लावली तर दोन्हीकडे एकच उत्तर येतं, की भीती गरजेपेक्षा जास्त आहे. पण 2022 मध्ये एस अँड पी 500 या अमेरिकी शेअर इंडेक्सने 12 ऑक्टोबरला तळ गाठला आणि तिथून वर गेला, आणि 2008 मध्ये तोच इंडेक्स पुढे निम्म्याहून जास्त कोसळून 9 मार्च 2009 ला 676 वर आला. मंदी डिसेंबर 2007 लाच सुरू झाली होती पण मंदीच्या तारखा ठरवणाऱ्या एनबीईआर या संस्थेने ते जाहीर केलं 1 डिसेंबर 2008 ला, म्हणजे भीती आकड्यांच्या पुढे धावत होती आणि खरी होती!

मग फरक कशात? यील्ड कर्व्ह काही कामाला आला नाही, तो 2006-07 मध्ये उलटा (छोट्या मुदतीचं व्याज लांब मुदतीपेक्षा जास्त) झाला होता तसा 2022 मध्येही झाला होता. कामाला आली ती बेरोजगारीची दिशा. 2007 च्या मार्चला 4.4 असलेली बेरोजगारी वर्ष संपताना 5.0 झाली होती, 2022 मध्ये मात्र ती तळाशीच रेंगाळत होती. म्हणून पातळीचा कॉलम ठेवला पण त्याच्या शेजारी साम रूलसारखा (बेरोजगारी किती वाढली यावरून मंदी ओळखायचा नियम) एक टाकला, तीन महिन्यांची सरासरी मागच्या बारा महिन्यांतल्या नीचांकापेक्षा किती वर आहे. माझ्या मते एवढा एकच कॉलम बाकीच्या सगळ्या कसरतीपेक्षा जास्त सांगतो.

अर्थात मार्च 2009 तिथेही अडतोच. बेअर 70.3 टक्के, बेरोजगारी 8.1 आणि जोरात वर चाललेली, म्हणजे दिशेचा कॉलम लालभडक, आणि तोच आठवडा तळाला जवळजवळ चिकटून. बेरोजगारी तर ऑक्टोबरमध्ये 10 वर जाऊन मग थांबली. तेव्हा टायमिंगसाठी कुणी ही शीट मागू नका प्लीज.

महागाईच्या कॉलमवर माझा अजून विश्वास नाहीये. सर्व्हे 1987 चा, म्हणजे खरी चढी महागाई संपल्यानंतरचा, त्यामुळे 2022 चे 8-9 टक्के आले की मॉडेल अंदाजपंचे दाहोदरसे करतं, त्याने तसलं काही पाहिलेलंच नाही. त्यासाठी मिशिगन विद्यापीठाचा ग्राहकांच्या मूडचा सर्व्हे जोडतोय, तो 1978 पासून दर महिन्याचा आहे. त्याचा निर्देशांक मे 1980 ला 51.7 आणि जून 2022 ला 50.0, म्हणजे 2022 चा मूड आणखी वाईट, वास्तविक 1980 मध्ये महागाई 14 च्या वर आणि बेरोजगारी 7.5 होती आणि 2022 मध्ये 9.1 आणि 3.6! ग्राहकाचा मूड आणि गुंतवणूकदाराचा मूड एकच नव्हे हे मान्य, तरी महागाईला लोक किती बिचकतात याचा काहीतरी अंदाज यातून निघावा.

पुढचा कॉलम बेरोजगारी भत्त्याच्या नव्या अर्जांचा, तो आकडा दर आठवड्याला येतो म्हणजे सर्व्हेशी तारखा तरी जुळतील. कुणी त्याच्या जुन्या रिलीज तारखा आधीच साफ करून ठेवल्या असतील तर सांगा, माझा एक वीकेंड वाचेल.