‘कुठंय गं?’

सोमवार, रात्र

आज महिन्याची मोजणी. हॉस्पिटलच्या स्टोअरमध्ये सलाईनची खोकी मोजत उभी होते आणि घरून फोन. सासूबाई. “अगं, एरंडेलाची बाटली कुठंय? तूरडाळ चोळून ठेवते म्हटलं, नाहीतर या पावसात किडे होतील.” मी खोक्यांवरचा हात न काढता सांगितलं, फ्रिजवरच्या कपाटात, डाव्या हाताला, चहाच्या डब्यामागे. सापडली. मग लेकीचा मेसेज, बोनाफाईड कुठंय. परतीच्या लोकलमध्ये, कुर्ल्याच्या गर्दीत एका पायावर उभी असताना, नवरा: मीटरच्या खोलीची चावी.

तिघांनाही पहिल्या झटक्यात उत्तर दिलं. शेजारच्या टेबलावरच्या मॅडम दुपारी कौतुकाने म्हणाल्या, “तुमच्या घरचं सगळं तुम्हाला तोंडपाठ!” मलाही क्षणभर बरं वाटलं. नंतर गाडीत विचार करत बसले (उभी राहिले), की हे कौतुकाचं आहे का?

आमच्या स्टोअरमध्ये रॅकच्या प्रत्येक खणाला बिन कार्ड लावलेलं असतं. काय आहे, किती आलं, किती गेलं, शिल्लक किती, सही. कालच कामाला लागलेला रात्रपाळीचा मुलगा पहाटे दोन वाजता योग्य मापाचा कॅथेटर काढून वॉर्डात देऊ शकतो, कारण माहिती त्या कार्डावर आहे. मी रजेवर गेले तरी कोणाचं अडत नाही. अडलं तर माझ्या साहेबांनी मलाच झापलं असतं. आणि घरी? घरी सगळं जिथल्या तिथे, पण ‘जिथल्या तिथे’ म्हणजे कुठे, हे फक्त मला ठाऊक. बाहेरून बघणाऱ्याला टापटीप दिसते, आतून सगळा कारभार एका माणसाच्या डोक्यावर.

मंगळवार

वेळ नाही. सकाळचं पाणी आज अर्धा तास उशिरा आलं, त्यामुळे पुढचं सगळं अर्धा तास उशिरा. मुंबईत घर लावताना वस्तूंच्या जागा नंतर, आधी वेळा लावाव्या लागतात. पाणी, दूध, कचरेवाला, कामाची बाई, सात बेचाळीसची गाडी. यातली एक वेळ सरकली की ओट्यावर भांडी तशीच पडतात, आणि मग संध्याकाळी कोणीतरी म्हणतं, आज घर किती पसरलंय.

बुधवार

कामावरून परस्पर आईकडे गेले होते. परतताना वाटेत जुन्या खोलीचाच विचार डोक्यात.

नायगावची बीडीडी चाळ. इंग्रज सरकारच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने 1920च्या दशकात बांधलेल्या त्या इमारती, एक खोली 160 चौरस फूट, आणि त्यात आम्ही सहाजण. सकाळी वळकट्या बांधून कॉटखाली सारल्याशिवाय पाट मांडायला जागा व्हायची नाही. अभ्यासाची वह्यापुस्तकं उचलल्याशिवाय रात्री अंथरुणं पडायची नाहीत. एकच खोली दिवसातून चार वेळा कात टाकायची: स्वयंपाकघर, जेवणघर, अभ्यासिका, झोपायची खोली. सगळे म्हणायचे, तुझी आई फार शिस्तीची. होतीच, पण त्या खोलीत बेशिस्त राहायची कोणाची टाप होती? आणि ‘कुठंय’ हा प्रश्नच नव्हता. दारात उभं राहून मान फिरवली की घरातली प्रत्येक वस्तू नजरेत यायची. फळीवर डबे, कोपऱ्यात पत्र्याची ट्रंक, मोरीच्या कठड्यावर घासायची राख. संपलं घर.

आता पुनर्विकासात तिथल्या लोकांना 500 चौरस फुटांची घरं मिळतात. वरळीत पहिल्या चाव्या 2025 मध्ये हातात आल्याही. आई म्हणते, “एवढ्या जागेत मी ठेवू काय?” तिला सहा महिन्यांत कळेल. मला कळलं तसंच. आमच्या वन बीएचकेत आलो तेव्हा दोन कपाटं रिकामी होती. मोकळा खण दिसला की आपोआप भरतो. वरून दार लागलं की त्यातलं दिसेनासं होतं, आणि दिसेनासं झालं की तेच पुन्हा विकत येतं. घरात सेलोटेप किती आहेत याचा छडा अजून लागलेला नाही.

शुक्रवार, रात्री उशिरा

औषधांचा डबा उपसला. हे तरी माझ्याच खात्यातलं काम.

आमच्याकडे नियम साधा: ज्याची मुदत आधी संपते ते आधी बाहेर जातं. नवा माल आला की मागे, जुना पुढे. घरात नेमकं उलटं होतं. नवी पट्टी वर टाकली जाते, तीच हाताला लागते आणि जुनी तळाशी म्हातारी होत राहते. डब्यात तापाच्या गोळ्यांच्या चार अर्धवट पट्ट्या निघाल्या. त्यातल्या दोन केमिस्टने कात्रीने कापून दिलेल्या, एकीवर औषधाचं नाव शाबूत पण तारखेचा तुकडा दुकानातच राहिलेला, दुसरीवर तारीख आहे तर नावाची नुसती शेवटची दोन अक्षरं. अशी पट्टी सरळ टाकायची. निम्मी पट्टी घेतली तर बिल पट्टीसोबत एकाच छोट्या पाकिटात ठेवायचं, बिलावर नाव आणि मुदत दोन्ही असतात. पुढच्या वेळी केमिस्टला तारखेची बाजू मागून घ्यायची, देतात ते.

डोळ्यांच्या थेंबांचं तर कोणी लक्षातच घेत नाही. बाटलीवरची मुदत ही न उघडलेल्या बाटलीची. एकदा उघडली की बहुतेक थेंब महिनाभरात टाकून द्यायचे असतात. म्हणून पेनाने बाटलीवरच लिहायचं, उघडली कधी. सासूबाईंच्या थेंबांची बाटली मी उचलली तर म्हणाल्या, “अगं आहे की निम्मी!” मी म्हटलं, आई, डोळ्यांची तुमची एकच जोडी आहे. नाराजीनेच सोडली. ओआरएसचं पाकीट फोडून पाण्यात मिसळलं की ते एका दिवसापुरतं, हे मात्र त्यांना पाठ आहे.

डबा आधी ओट्यावरच्या कपाटात होता, गॅसच्या वर. वाफ आणि उष्णता, दोन्ही औषधांचे वैरी. आता बाहेरच्या खोलीत, टीव्हीच्या वरच्या खणात. लेक विचारते, मग मला कसं कळणार? हाच तर प्रश्न आहे बाई.

शनिवार

सुट्टी. आज कपाटांच्या दारांना आतून कागद लावले. प्रत्येक दारामागे यादी, आत काय आहे त्याची. माझ्या मते हे बिन कार्डाचंच धाकटं भावंड. सासूबाईंच्या मते, “घराचं काय दुकान करायचंय का?”

पहिल्या कपाटाची यादी मी लिहिली, स्टोअरच्या सवयीने: पातेली मोठी, पातेली मध्यम, कढई लहान. त्यांनी चष्मा लावून वाचली आणि विचारलं, “यात माझी बारीक कढई कुठंय? आणि मामींनी दिलेलं पातेलं?” त्यांना मोठं-मध्यम कळतच नाही, त्यांच्या प्रत्येक भांड्याला नाव आहे, नाहीतर माणूस आहे. शेवटी पेन त्यांच्या हातात दिलं. स्वयंपाकघराच्या याद्या त्यांच्या अक्षरात झाल्या, ‘तळणीची’, ‘मामींचं’, ‘सणाचं’. पुस्तकांचं आणि चार्जरचं कपाट लेकीने लिहिलं. हे बरं झालं. यादी शोधणाऱ्याच्या भाषेत हवी, लावणाऱ्याच्या नव्हे. आणि एक नियम सर्वांना: ‘इतर’, ‘किरकोळ’, ‘सटरफटर’ असं कोणत्याही यादीत लिहायचं नाही. ज्याला नाव देता येत नाही त्याची घरात गरज काय, ते आधी सांगायचं.

मसाल्याच्या बरणीची जागा मात्र बदलली नाही. मे महिन्यात लालबागच्या मिरची गल्लीतून मिरच्या निवडून, भाजून, कुटून आणलेला वर्षाचा मसाला, वर हिंगाचे खडे. ती बरणी कुठे आहे हे कुत्र्यालाही सांगता येईल. वासावरून.

डब्यांवरून वाद झालाच. श्रीखंडाचे, आइस्क्रीमचे, मिठाईचे रिकामे प्लास्टिकचे डबे. “हे टाकू का?” “असू दे गं, लागतात.” लागतात हे खरं, कोणाला भाजी द्यायची असली की आपला चांगला डबा कशाला पाठवा. पण सगळेच कशाला लागतात? तडजोड अशी: एका पिशवीत मावतील तेवढे ठेवायचे, पिशवी भरली की नवा डबा ठेवताना जुना सुक्या कचऱ्यात. कोणता जुना, ते त्यांनी ठरवायचं. जुने कपडे बोहारणीला द्यायचेत, पण ती हल्ली आमच्या गल्लीत क्वचितच फिरकते, आणि आली तरी स्टीलच्या पातेल्याच्या बदल्यात इतक्या साड्या मागते की सासूबाईंचा सौदा फिसकटतो.

रविवार

कागदपत्रं. हा विषय आमच्याकडे कोणी हसण्यावारी नेत नाही. सासरचं जुनं घर कलिन्याला, तळमजल्यावर. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझच्या वेधशाळेत एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, त्या दिवशी त्या घरात छातीइतकं पाणी होतं. कागद लाकडी कपाटाच्या खालच्या खणात. रेशनकार्ड, सासऱ्यांची सर्व्हिसची कागदपत्रं, विम्याच्या पॉलिसी, मार्कशीट. पाणी ओसरल्यावर सासूबाईंनी ते सगळे दोरीवर कपड्यांसारखे चिमट्याने लावले होते, आणि त्यातले काही इस्त्री फिरवून सुकवले. नवऱ्याची दहावीची मार्कशीट अजून आहे, शाई निळसर पसरलेली, गणिताचे गुण वाचता येत नाहीत. तो म्हणतो, बरंच झालं.

तेव्हापासून कागद वरच्या खणात, प्रत्येक माणसाची वेगळी झिपची पिशवी. यात फार सुधारण्यासारखं नव्हतं, कारण ही पद्धत सासूबाईंची आणि चोख. मी दोनच गोष्टी घातल्या. आधार, पॅन, वाहनपरवाना ज्याच्या त्याच्या डिजिलॉकरमध्ये. आणि ‘घर’ नावाची वेगळी पिशवी: करारनामा, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, मेंटेनन्सच्या पावत्या, नॉमिनेशनची प्रत.

नॉमिनेशनचा फॉर्म काढला तर नवऱ्याने विचारलं, “म्हणजे नंतर घर तुझं?” नाही. नॉमिनी हा मालक होत नाही, वारसांच्या वतीने सांभाळणारा असतो. घर कोणाचं हे मृत्युपत्र किंवा वारसा कायदा ठरवतो. हे सोसायटीतल्या निम्म्या लोकांना माहीत नाही आणि त्यावरून भावाभावांत झालेली भांडणं आम्ही जिन्यात उभं राहून ऐकली आहेत. सासूबाई मध्येच म्हणाल्या, “माझे डागिने कोणाला, तेही लिहून ठेवा.” सगळे गप्प. मग त्याच हसल्या, “अरे, दोन बांगड्या तर आहेत.” लिहिलं. त्यांनी सांगितलं तसं.

पिशव्या परत ठेवताना जाणवलं, की या घरात माझ्यावाचून चालणारी एक व्यवस्था आधीपासूनच आहे. स्वयंपाकघराच्या दारामागचं कालनिर्णय. 1973 साली जयंतराव साळगावकरांनी सुरू केलं ते मुहूर्त, सण, एकादश्या कळाव्यात म्हणून, पण आमच्याकडे तिथी सोडून सगळं त्याच्यावर असतं. दूध नको त्या दिवशी फुली. बाईंचे खाडे. सिलिंडर लावला ती तारीख, म्हणजे हा किती दिवस पुरला ते कळतं. इस्त्रीला दिलेले कपडे, त्यांचा आकडा. लेकीची परीक्षा लाल पेनाने, तिनेच लिहिलेली. कोणी कोणाला विचारत नाही, जाता-येता बघतात. याचं गुपित काय म्हणाल तर खिळ्याला दोऱ्याने बांधलेलं पेन. पेन शोधायला लागलं असतं तर एकानेही लिहिलं नसतं.

म्हणून दुपारी औषधांच्या डब्याला आणि किल्ल्यांच्या हुकाजवळही एकेक पेन बांधलं. लेक म्हणाली, बँकेत आल्यासारखं वाटतंय. वाटू दे.

संध्याकाळी माळा. गणपती तोंडावर आलेत, सजावटीचं सामान काढायचं होतं. माळ्यावर काय आहे याची यादी करायला नवरा शिडीवर आणि मी खाली वही घेऊन. पाट, समया, जुना मिक्सर (“मोटर चांगली आहे”), लेकीची तीनचाकी, पाहुण्यांच्या गाद्या, एक सूटकेस जिच्यात दुसरी सूटकेस आणि तिच्यात वायरी. आणि मागे, भिंतीला टेकून, थर्माकोलचं मखर. महिरप, खांब, वर मोराची जोडी. त्याने स्वतः तापल्या तारेने कापलेलं, लग्नानंतरच्या पहिल्या गणपतीचं. 2018 मध्ये थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली, तेव्हापासून आमच्याकडे कापडी पडदे आणि फुलं. मखर मात्र वरच.

“काढून टाकायचं का?” मी विचारलं.

“या वर्षी नक्की,” तो शिडीवरून म्हणाला आणि धूळ झटकून परत आत सारलं.

वहीत नोंद केली: थर्माकोल मखर, एक, मोर दोन. जबाबदार व्यक्तीच्या रकान्यात त्याचं नाव. खाली उतरल्यावर त्याच्याकडून सही घेतली.