बादलीतले मोबाईल

माझा मूळ धंदा लग्नाच्या शूटिंगचा. आठवड्यातून दोन दिवस एका कॉलेजात तासावर कॅमेरा शिकवायला जातो. शेवटच्या सेमिस्टरला मुलं शॉर्टफिल्म करतात, तेव्हा लाईट जमला का, फोकस सुटला का, एवढंच बघायचं असतं मला. गेल्या एप्रिलमधला एक दिवस मात्र नुसत्या फोकसवर भागला नाही.

फिल्मची गोष्ट सोलापूरच्या पूर्व भागातली. एका खोलीत नवं जोडपं, भिंतीपलीकडे यंत्रमाग, दिवसरात्र खटखट. एका दुपारी वीज जाते, माग थांबतात आणि त्या शांततेत दोघं पहिल्यांदा एकमेकांकडे नीट बघतात. तो तिच्या केसांत अडकलेला सुताचा तंतू काढतो, तिला जवळ घेतो. चांगलं सुचलं होतं दिग्दर्शक पोराला. मागवाले अण्णा माझ्या ओळखीचे, त्यांनी वीस मिनिटं माग बंद ठेवायचं कबूल केलं होतं.

शॉटच्या आधी दिग्दर्शक मला जिन्याकडं घेऊन गेला. "सर, शेवटी तो तिच्या मानेवर ओठ टेकवणार. त्याला सांगितलंय. तिला सांगायचं नाही बघा. खरं दचकणं येतंय की मग."

खोटं कशाला बोलू, क्षणभर मलाही ते पटलं. प्री-वेडिंगला भुईकोट किल्ल्यात, कंबर तलावावर मी दुसरं काय करतो? "अजून जवळ या, लाजू नका." साखरपुडा होऊन जेमतेम महिना झालेल्या पोरीला मी कधी विचारलंय, की बाई, चालेल का?

पण तेवढ्यात ‘लास्ट टँगो इन पॅरिस’ आठवला. 1972 चा सिनेमा. नायिका मारिया श्नायडर तेव्हा जेमतेम विशीची. बलात्काराच्या प्रसंगातला एक तपशील दिग्दर्शक बर्तोलुची आणि नायक मार्लन ब्रँडो यांनी आपसात ठरवला आणि तिला आधी नीट सांगितलाच नाही. तिची प्रतिक्रिया अभिनेत्रीची नको, मुलीची हवी होती, हे बर्तोलुचींनी पुढं 2013 मध्ये स्वतःच सांगितलं. पडद्यावरचे ते अश्रू खरे होते, असं ती सांगून गेली. मी पोराला म्हटलं, "तुला हवं ते दचकणं असलंच आहे बे."

तो गप्प झाला. मग म्हणाला, "पण सर, तिला आत्ता विचारलं आणि ती नाही म्हणाली तर?"

"तर मानेचा शॉट नाही."

2018 पासून एचबीओ या अमेरिकी वाहिनीनं अशा प्रसंगांसाठी इंटिमसी कोऑर्डिनेटर, म्हणजे जवळिकीचे प्रसंग कलाकारांना विचारून बसवणारा माणूस, ठेवायला सुरुवात केली. मुंबईत आस्था खन्ना हेच काम करतात. आमच्याकडं कोण येणार? मीच दोघांना जिन्याच्या सावलीत बसवलं, सोबत वही सांभाळायला वर्गातली एक मुलगी घेतली आणि त्या वहीत एकेक हालचाल लिहून काढली. हात कुठं, किती वेळ, कोण आधी सरकणार. नायिका झालेली मुलगी फटकन म्हणाली, "मानेवर नको. केसांपर्यंत चालेल." मग मी वही मिटायला लागलो, तर मुलगा खाली बघत बोलला, "मला पण विचारा की सर. शर्ट काढायचं लिहिलंय. मला नको." त्याला विचारायचं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं, माझ्याही नाही. पुरुषाला काय विचारायचं, असं असतं ना आपलं.

तालीम मागाच्या आवाजात केली. कुणाला काही ऐकू येईना, म्हणून मी बोटांनी आकडे दाखवायचो: एक, हात केसांकडं, दोन, थांब, तीन, कपाळ खांद्यावर. पंजा उघडा दिसला की जो तो जिथल्या तिथं थांबायचा, कारण विचारायचं नाही. मुलीनं दोनदा पंजा दाखवला. एकदा नुसता घाम पुसायला.

खरी अडचण होती गर्दीची. अण्णांचे कामगार, शेजारची पोरं, आमच्याच युनिटमधली "लाईट धरायला" आलेली तिघं. सगळे बाहेर काढले. माईक स्टँडला बांधून साउंडवाल्यालाही जिन्यात बसवला. आत दिग्दर्शक, कॅमेरा आणि ती वहीवाली मुलगी, बस्स. मॉनिटर भिंतीकडं फिरवला. सगळ्यांचे मोबाईल एका बादलीत घालून वर चादर टाकली. सोलापुरात चादरीला काय तोटा! खिडकीला दुसरी चादर लावली. अण्णा स्वतः चहा घेऊन आले, त्यांनाही दारातूनच परत पाठवावं लागलं. थोडे रुसले.

मग माग थांबले. अंगावर काटा आला. शांततेत त्याची बोटं तिच्या केसांपाशी आली आणि अर्ध्यातच थबकली. ते वहीत नव्हतं, पण हात पुढं गेला नव्हता, मागं राहिला होता. दिग्दर्शकानं एडिटला तोच टेक ठेवला. उरलेले टेक दोघांनी समोर बसून पुसून टाकले, कार्ड वहीवाल्या मुलीकडंच राहिलं.

कॉलेजच्या हॉलमध्ये शो झाला, तेव्हा मुलाची आई दुसऱ्या रांगेत होती. तो प्रसंग आला तसा हा उठून मागं जाऊन उभा राहिला. शो संपल्यावर आई त्याला एवढंच म्हणाली, "शर्टाला इस्त्री तरी करायची होतीस."