एनआरव्हीची स्प्रिंग

पाचपाखाडीतल्या एका सात मजली सोसायटीत सर्वांत वरच्या घरात तिसरं बाथरूम काढलं आणि तिथे सोलरचं गरम पाणी न्यायचं काम माझ्याकडे आलं. डक्टमधल्या उभ्या लाइनला टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड मारायचा, पाऊण इंची सीपीव्हीसी (गरम पाण्याची प्लास्टिक पाइप) आत घ्यायची, गरम-गार पाणी मिसळून शॉवरला देणारा डायव्हर्टर बसवायचा. टीच्या पुढे मी एनआरव्हीही घातला, म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा, उलटं येऊ न देणारा व्हॉल्व्ह. तो कुणी मागत नाही. इंटिरियरवाल्यांच्या ड्रॉइंगमध्ये टाइल्सचा नंबर असतो, एनआरव्ही नसतो.

गोची धारेची झाली. गच्चीतल्या टाकीपासून सातव्या मजल्याच्या शॉवरपर्यंत जेमतेम 3 मीटर उंची. 10 मीटरला 1 किलो प्रेशर धरलं, तर इथे पाव किलोच्या थोडं वर. त्यातलं काही एनआरव्हीची स्प्रिंग ढकलण्यातच जातं. घरमालक साहेब म्हणाले, "ही धार आहे की दोरा?" गार पाण्यावर मात्र त्यांनी रेन शॉवरसाठी पंप लावून घेतला होता, दीड किलोचा. संध्याकाळचे सात वाजलेले, पेंटर दारात ताटकळलेला. मी एनआरव्ही खोलला, आतली स्प्रिंग आणि झडप काढली, पितळेचा रिकामा सांगाडा परत बसवला. साहेब खूश.

डिसेंबरात सेक्रेटरींचा फोन आला. सहाव्या-पाचव्या मजल्यावर पहाटे पाणी कोमट. सोलरवाले ट्यूबमध्ये क्षार साचलेत म्हणून साफसफाईचे पैसे घेऊन गेले होते. मीटिंगमध्ये दोन तास भांडण झालं, पण गच्चीवर कुणी चढलं नव्हतं. वॉचमन मात्र म्हणाला, "दादा, त्या उंच पाइपातून रात्रीचं पाणी पडतं."

उंच पाइप म्हणजे एअर व्हेंट, गरम लाइनमधली हवा बाहेर सोडणारा, वरून उघडा पाइप. त्यातून पाणी पडायचं तर खालून कुणीतरी ढकलायला हवं. मला तिथेच कळलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला डक्टमध्ये हात घातला. माझ्याच टीमधून निघालेली लाइन गारठलेली, आणि बारीक थरथरत होती. नळ बंद असलेली लाइन गार पडते, पण थरथरत नाही. वर साहेबांकडे सगळे झोपलेले. मी त्यांचा बॉल व्हॉल्व्ह बंद केला आणि सहाव्या मजल्यावर गेलो. आजींनी बादलीत बोटं बुडवून नळ सोडला होता. पाचेक मिनिटांनी म्हणाल्या, "आलं रे, आलं!"

साहेब उठल्यावर बाथरूम पाहिलं. डायव्हर्टरचे दोन्ही नॉब उघडे, फक्त हँड शॉवरचं बटण बंद. मुलं तसंच ठेवतात. पंपाचं गार पाणी तिथून उलटं गरम लाइनमध्ये घुसत होतं. साहेब म्हणाले, "तरीच पंप रात्री आपोआप चालू होतो! मला वाटलं, पंपच फॉल्टी."

आता झडपेचा, बिनस्प्रिंगचा एनआरव्ही आडव्या लाइनवर बसवलाय. तो कमी प्रेशरलाही उघडतो. हे मला तेव्हाही माहीत होतं, पण दुकान गाठायचा कंटाळा केला.

सेक्रेटरींना मी सांगितलं, "एनआरव्ही खराब होता, बदलला." त्यांनी सोसायटीच्या ग्रुपवर माझे आभार मानले, वर सोलरवाल्यांच्या नावाने शिमगा. मी अजून काही उत्तर दिलेलं नाही.