मग कुणाचा?

सकाळी आईबरोबर चकल्या पाडत होते आणि मालवणच्या काकांचा व्हॉट्सॲप आला, किनाऱ्याला लागलेला मेलेला डॉल्फिन, खाली "ताई, ह्यो तुमचो काय बघा". पिठाच्या हातानेच झूम केलं. आधी पाठीवरचा फिन, म्हणजे पर, बघितला. टोकाला खाच नाही, मागची कड सरळ, म्हणजे आमच्या कॅटलॉगमधला नाही, आणि मी मोठ्यांदा म्हटलं, "हुश्श, आपला नाही."

आई म्हणाली, मग कुणाचा गं?

दिवसभर तेच डोक्यात फिरतंय. हंपबॅक डॉल्फिन आम्ही फिनवरच्या खाचांवरून ओळखतो, प्रत्येकाला नंबर, इतकी वर्षं पुण्यात या टेबलाशी बसून ते फोटो जुळवतेय, तर नंबर नसलेला मेला म्हणून बरं वाटावं मला?

मग फोटो पुन्हा नीट बघितला. काकांनी मापासाठी शेजारी स्वतःची चपल ठेवली होती, मीच कधीतरी शिकवलेलं. बोटाने मोजत गेले, नऊ चपला भरल्या, म्हणजे पूर्ण वाढलेला. शेपटाजवळ जाळ्याच्या दोरीचे वळ. जाळं कापून जिवंत सोडला तर 25 हजारांपर्यंत भरपाई मिळते, 2018 पासून, हे मी वाडीवाडीत सांगत फिरते, पण रात्री टाकलेल्या जाळ्यात तो श्वासाला वर येऊ न शकता कधी गुदमरतो ते कुणाला दिसणार. काय करतेय मी इतकी वर्षं, आमच्या कामाच्या पुढच्या वर्षीच्या पैशांचा पत्ता नाही, आणि बाबा असते तर... जाऊदे.

2023 च्या दिवाळीत गणपतीपुळ्याला देवमाशाचं पिल्लू अडकलं तेव्हा हीच आई टीव्हीसमोरून हलत नव्हती. त्यालाही कुठे नंबर होता? गेलं तेव्हा दोघी रडलो होतो. म्हणजे मला येतं तसं रडायला, आज आलं नाही एवढंच, रोज येत राहिलं तर काम कसं होणार.

संध्याकाळी काकांना फोन केला, वनविभागाला कळवलंय म्हणाले, दुसऱ्या बाजूचाही फोटो काढून ठेवलाय. तो मागवून घेतला, नवीन फोल्डर उघडला. आई मागून डोकावली, नाव काय ठेवणार? म्हटलं नावं नाही ठेवत आम्ही, नंबर देतो.

"मग दे की त्याला," म्हणाली आणि चकल्यांचा डबा शेजारी ठेवून गेली.