ब्रसेल्स स्प्राउट्सची पहिली तोडणी

इंग्लंडमधल्या आमच्या अलॉटमेंटवर, म्हणजे भाड्याच्या भाजीच्या तुकड्यावर, आज ब्रसेल्स स्प्राउट्स (कोबीच्या जातीचे चिमुकले गड्डे) तोडले. बोटं पार गारठली, पण मन भरलं! मार्च-एप्रिलमध्ये पेरायचं आणि थेट थंडीची वाट बघायची, असं हे सावकाश पीक. कडक हिव पडलं की गोडी वाढते. थंडीत तग धरायला झाड साखर साठवतं. जाड दांड्यावर प्रत्येक पानाच्या बेचक्यात एकेक गड्डा. तोडायचे खालून वर, खालचे आधी भरतात.

फार उकडले की उग्र वास येतो. त्यापेक्षा अर्धे चिरून मोहरी-हिंग-मिरचीच्या फोडणीत मोठ्या आचेवर परतायचे, कापलेली बाजू लालसर होईपर्यंत. वरून खोबरं, लिंबू. सोबत वाफ्यातलाच लीक (कांद्याच्या पातीसारखी, पण जाड दांड्याची भाजी), पीठ पेरून. शेंड्याची कोवळी पानं मात्र टाकू नका हं, डाळ घालून त्यांची पातळ भाजी फार छान होते.