पंधरा दिवसांची बाटली

महिन्यातला दुसरा शनिवार आमच्या दातांच्या दवाखान्यात तारांच्या पेशंटचा. सोलापूरहून ऑर्थोडॉन्टिस्ट, म्हणजे तारा लावून वाकडे दात सरळ करणाऱ्या डॉक्टर, मॅडम येतात आणि सकाळी दहापासून बाहेरच्या बाकावर शाळा-कॉलेजची पोरं ओळीनं बसलेली असतात. जुनी तार काढणं, नवी घालणं, रंगीत रबरं बदलणं हे मॅडमचं काम. त्याआधी प्रत्येकाच्या हिरड्या बघून दात साफ करून देणं हे माझं. बार्शीत बारा वर्षं प्रॅक्टिस करतेय, तोंडात काय दिसणार याचा अंदाज मला बहुतेक वेळा पेशंट खुर्चीत बसायच्या आधीच येतो.

त्या शनिवारी तो अंदाज आला नाही. अकरावीतली एक मुलगी आईबरोबर आली. मधल्या दोन भेटी चुकल्या होत्या, एकदा परीक्षा आणि एकदा घरातलं लग्न. आत पाऊल टाकताच आई म्हणाली, "मॅडम, पोरीचे दात सडले की हो. एवढे पैसे घालून दात काळे करून घेतले का आम्ही?"

मुलीनं तोंडावर धरलेली ओढणी काही केल्या सोडेना. शेवटी सोडली. खालच्या पुढच्या दातांवर, ब्रॅकेटच्या (तार धरायला दातावर चिकटवलेल्या तुकड्याच्या) चारी बाजूंनी, गडद तपकिरी डाग बसला होता. जिभेवरही तसाच रंग. वरच्या सुळ्याजवळची हिरडी फुगून ब्रॅकेटच्या कडेवर आली होती, लालभडक आणि चकचकीत. प्रोब, म्हणजे तपासायची बारीक सळई, हिरडीच्या कडेनं नुसता फिरवला तर मागोमाग रक्ताची रेघ उमटत गेली.

कीड मात्र नव्हती. प्रोबच्या टोकानं खरवडलं तर डाग वरवरचा, खालचं इनॅमल टणक. मी मिश्रीबद्दल विचारलं तेव्हा आईचा चेहरा पडला. "नाही हो मॅडम, आमच्यात कुणीच लावत नाही." मग मुलीलाच विचारलं, "दातांना काय काय लावतेस ते सगळं सांग." तिनं दप्तर उघडलं आणि ट्रेवर तीन बाटल्या मांडल्या.

पहिली मीच लिहून दिलेली. क्लोरहेक्झिडीन, जंतू मारणारं माउथवॉश, ०.२ टक्के. "ही सहावी," ती म्हणाली. "संपली की रिकामी बाटली मेडिकलमध्ये दाखवते, ते दुसरी देतात. पुरावी म्हणून अर्धंच झाकण घेते, पण रोज दोनदा. एक दिवस चुकवला नाही."

मी फाइल उघडली. तीन महिन्यांपूर्वीच्या पानावर माझ्याच अक्षरात, इंग्रजी संक्षेपात, दिवसातून दोनदा, पंधरा दिवस. लिहिलं होतं, तोंडानं सांगितलं नव्हतं. त्या दिवशी बाहेर बाकावर चौदा पेशंट होते. ती चूक माझी, आणि आईला मी तिथल्या तिथे तसं सांगितलं.

मग पुढचा प्रश्न विचारणं भागच होतं. "जेवणाची चव लागते का गं?" उत्तर आईनं दिलं. "मॅडम, मी सकाळी शाळेवर खिचडी शिजवायला जाते, घरचा स्वयंपाक हीच करते. दोन महिने झाले, आमटी खारट. भाजी खारट. आजोबा ताट सरकवून उठतात, त्यांना बीपीची गोळी चालू आहे. मी रागावले, हिचे पप्पा रागावले. म्हटलं, सगळं ध्यान मोबाईलमध्ये."

मुलगी खाली मान घालून बसली होती. हळूच म्हणाली, "मला अळणीच लागायचं."

बारा वर्षांत मी कितीतरी जणांना हे औषध लिहून दिलंय. त्यानं चव बदलते, खारट चव विशेष मंदावते, हे कॉलेजात पाठ केलेलं. पण त्यापायी एखाद्या घरात दोन महिने एक मुलगी रोज बोलणी खात असेल, हे माझ्या मनात कधी आलं नव्हतं. दोघींना समोरासमोर बसवून सांगितलं, की दोष औषधाचा आणि माझ्या न सांगण्याचा, पोरीचा नाही. आईनं पटकन तिच्या पाठीवर हात ठेवला. पुढची दोन मिनिटं मी उगाचच हत्यारं आवरत राहिले.

या औषधाचा गुण आणि दोष एकाच गोष्टीतून येतो. त्याच्या रेणूवर धन भार असतो, त्यामुळे ते दातांना आणि तोंडाच्या त्वचेला चिकटून बसतं आणि पुढचे कित्येक तास हळूहळू सुटत राहतं. इतर बरेच माउथवॉश थुंकले की लवकर ओसरतात, हे मात्र बारा तासांपर्यंत कामावर असतं. १९७० साली लो आणि शिऑट या संशोधकांनी दाखवलं, की ०.२ टक्क्यांच्या १० मिली द्रावणानं दिवसातून दोनदा चूळ भरली तर घासणं बंद असतानाही दातांवर जंतूंचा थर धरत नाही. पण त्याच चिकटपणामुळे चहातलं टॅनिनही दातावर पक्कं बसतं. ही मुलगी सकाळी उठून पेस्टनं घासायची, लगेच चूळ भरायची आणि लगेच चहा प्यायची. पेस्टमधला फेस आणणारा घटक औषधाला निकामी करतो, म्हणून मध्ये अर्धा तास तरी जायला हवा. तिच्याकडे गुण मारला जात होता आणि दोष तेवढा जमत होता.

दुसरी बाटली पुण्याच्या मामानं आणलेली, निळसर, झोंबणारी. त्यात थायमॉल, निलगिरीतलं युकॅलिप्टॉल, मेन्थॉल, मिथाइल सॅलिसिलेट. थायमॉल म्हणजे ओव्याचं सत्त्व, आपल्या आज्या दातदुखीवर ओवा उगाच चघळायला देत नव्हत्या. थर कमी करण्यात हे द्रावण क्लोरहेक्झिडीनच्या मागे पडतं, पण डाग पाडत नाही, चव मारत नाही, म्हणून लांबच्या वापराला मी ते पसंत करते. तारांच्या पेशंटला मात्र अल्कोहोल नसलेलं. गाल तारेनं आधीच सोललेले असतात, तिथं अल्कोहोल लागलं की पोरं चूळच भरायची टाळतात. सेटिलपायरिडिनियम या जंतुनाशकाचं द्रावणही याच पंगतीतलं, कधीमधी थोडा डाग सोडतं एवढंच.

तिसऱ्या बाटलीनं मला सगळ्यात वाईट वाटलं. तारा बसवल्या त्या दिवशी मॅडमनी दिलेली सोडियम फ्लोराइडची, ०.०५ टक्के. एकदा वापरून बाजूला ठेवलेली. का? "झोंबत नाही, कडू पण नाही. वाटलं, नुसतं पाणीच आहे." रोज वापरायची होती ती हीच. हिरडीचं ती फार काही करत नाही, पण ब्रॅकेटभोवती दात पांढुरके पडायला लागतात ते रोखायला तीच लागते. तार लागल्यापासून चार आठवड्यांत असे डाग दिसू शकतात. कडू तेच गुणकारी हा समज आपल्याकडे इतका मुरलेला आहे, की सौम्य चवीच्या औषधाला कोणी मानच देत नाही.

"आणि घासतेस किती वेळ?" यावर ती गप्प. मग कळलं की हिरडीतून रक्त आलं तेव्हा शेजारच्या काकूंनी सांगितलं, रक्त येतं तिथं ब्रश लावू नकोस. म्हणून तीन महिने ती फक्त दातांच्या टोकांना घासत होती आणि बाकीचं बाटलीवर सोडलं होतं.

मॅडमनी तार काढली. मी दातांना थर दाखवणारा गुलाबी रंग लावला आणि आरसा तिच्या हातात दिला. चूळ भरल्यावर टोकं स्वच्छ, पण ब्रॅकेट आणि हिरडी यांच्या मधली पट्टी सलग गुलाबी राहिली. "हा थर जुना झाला की वरून ओतलेलं कुठलंच औषध आत पोचत नाही," मी म्हटलं, "आणि रक्त येतं ते याच्यामुळे, ब्रशमुळे नाही." छोटा गोल ब्रश तारेखालून कसा घालायचा, प्रत्येक ब्रॅकेटच्या वरून आणि खालून कसा फिरवायचा, हे तिच्याच हातानं करून घेतलं. तिसऱ्या दाताला रक्त आलं, तिनं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, चालू ठेव.

माउथवॉश कुठला चांगला, हे मला आठवड्यातून चारदा तरी विचारलं जातं. वैद्यकीय अभ्यास पडताळणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१७ सालच्या परीक्षणानं क्लोरहेक्झिडीनचे ५१ अभ्यास एकत्र तपासले. घासण्याच्या जोडीला वापरलं तर थर बराच कमी होतो, पण हिरडीची सूज थोडी असेल तर ० ते ३ च्या मापावर फरक पडतो जेमतेम ०.२१. आणि चार आठवड्यांपुढे वापरलं की डाग. म्हणजे सगळ्यात ताकदीची बाटलीसुद्धा हातातल्या ब्रशला दोन आठवडे टेकू देण्यापुरती, हिरडी इतकी दुखत असेल की घासवतच नाही तेव्हा. माझं मत अनुभवानं याहून वेगळं झालेलं नाही.

पहिल्या दोन्ही बाटल्या बंद केल्या. फ्लोराइड तेवढं ठेवलं, रात्री घासून झाल्यावर, आणि नंतर अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही. डाग पॉलिश करून काढायला पाऊण तास लागला.

पुढच्या महिन्यात ती आली तेव्हा सुळ्याजवळची हिरडी फिकट गुलाबी झाली होती आणि ब्रॅकेटची कड मोकळी दिसत होती. रक्त अजून चार-पाच ठिकाणी येत होतं. "आजोबा ताक मागून घेतात आता, भाताबरोबर," आईनं सांगितलं. "आमटी पुरत नाही."

त्याच आठवड्यात मी शिक्का करून घेतला. माउथवॉश लिहिलं की चिठ्ठीवर मराठीत उमटतो: 'हे औषध … तारखेला बंद करा.' तारीख मी हातानं घालते, आणि मेडिकलवाल्यांनाही फोन करून सांगितलंय, की त्या तारखेनंतर कोणी रिकामी बाटली घेऊन आलं तर माझ्याकडे पाठवा.

वरच्या डाव्या दातावर ब्रॅकेट चिकटवलेल्या सिमेंटच्या कडेला एक बारीक तपकिरी रेष मात्र राहिली आहे. पॉलिशनं ती निघाली नाही. ब्रॅकेट निघायला अजून आठ महिने आहेत, तोवर ती तिथंच राहणार.