माझा अनुभव : चुनखडीच्या तेलसाठ्याचे मॉडेल आणि धुऊन आलेले नमुने

अरबी समुद्रातील एका जुन्या तेलसाठ्यात पाणी भरून उत्पादन वाढवता येईल का, हे पाहण्यासाठी संगणकीय मॉडेल करण्याचे काम माझ्याकडे आले. विहिरींचे लॉग (विहिरीत खोलीनुसार घेतलेली खडकाची मोजमापे), दाबाच्या नोंदी आणि भूकंपलहरींचे नकाशे जुळवून थरांचा सांगाडा उभा करणे दोन महिन्यांत झाले. त्यानंतरचे जवळजवळ एक वर्ष मात्र खडकाच्या नमुन्यांच्या एका अहवालापायी गेले आणि त्याची चीड अजून ओसरलेली नाही.

१९७४ मध्ये सापडलेल्या मुंबई हायप्रमाणे हा साठाही चुनखडीचा आहे. चुनखडीत २० टक्के सच्छिद्रतेच्या दोन तुकड्यांपैकी एकातून द्रव सहज वाहतो, तर दुसऱ्यातून जेमतेम झिरपतो. खडक विरघळून झालेल्या पोकळ्या एकमेकींना जोडलेल्या आहेत की सुट्या, हे त्या एका आकड्यावरून कळत नाही. म्हणून आधी खडकाचे प्रकार पाडावेत आणि मगच प्रत्येक प्रकाराची पारगम्यता, म्हणजे त्यातून द्रव किती सहज वाहतो, ते ठरवावे.

तेल आणि पाणी एकाच खडकातून एकत्र वाहताना कोण किती वाट अडवते, याचे आलेख आम्ही एका खासगी प्रयोगशाळेकडून मागवले होते. पाच महिन्यांनी अहवाल आला. त्यानुसार आमचा खडक पाणीधार्जिणा होता, म्हणजे पाणी बारीक छिद्रांत शिरून तेलाला पुढे ढकलेल. तेच आलेख मॉडेलमध्ये घातले, तेव्हा उत्पादन विहिरींत पाणी बऱ्याच उशिरा पोहोचताना दिसले. प्रत्यक्षात त्याच विहिरींत ते कितीतरी आधी आलेले होते. मुदत जवळ आल्यामुळे एका थराची पारगम्यता दहापट करून जुळणी साधावी, असा आग्रह झाला. मी तसे करून पाहिले. एक विहीर जुळली आणि शेजारच्या तिन्ही बिघडल्या. अशा जुळणीवर पुढील वीस वर्षांचे भाकीत उभारणे मला मान्य नव्हते.

शेवटी मी स्वतः प्रयोगशाळेत गेले. अंगठ्याएवढ्या जाडीचे ते गोल तुकडे टेबलावर पांढरेशुभ्र दिसत होते. त्यांतील एकावर पाण्याचा थेंब सोडला, तो तत्काळ आत शोषला गेला. आमच्या साठवणीतला, मेणात जपून ठेवलेला, तेलाने तपकिरी झालेला तुकडा मी सोबत नेला होता. त्यावर तसाच थेंब मोत्यासारखा गोल उभा राहिला. कच्च्या तेलातील आम्लयुक्त घटक चुनखडीच्या पृष्ठभागाला घट्ट चिकटतात आणि कालांतराने तिला तेलधार्जिणी करतात. टोल्युईन आणि मिथेनॉलने धुतल्यावर तो थर निघून जातो. धुणे चुकीचे नव्हते. परंतु त्यानंतर नमुन्यात साठ्यातलेच पाणी आणि तेल भरून, साठ्याच्याच तापमानाला काही आठवडे मुरवायचे असते, आणि तेच केलेले नव्हते. याबद्दल विचारल्यावर मिळालेले उत्तर असे, की आमच्या अर्जात मुरवण्याचा रकानाच नाही. दुसऱ्या चाचणीसाठी नवा अर्ज, नवे शुल्क आणि आणखी सात महिने लागले.

नमुने पाठवतानाच कच्च्या तेलाचा पुरेसा साठाही पाठवावा, हे इथेच सांगून ठेवते. आमच्याकडे जुन्या विहिरीचे तेल शिल्लक होते म्हणून निभावले.

नव्या आलेखांत तेल आणि पाण्याच्या रेषा छिद्रांत ४२ टक्के पाणी असतानाच एकमेकींना छेदत होत्या. पहिल्या अहवालात तो बिंदू ६० टक्क्यांच्या पुढे होता. छेदबिंदू ५० टक्क्यांच्या अलीकडे असणे ही तेलधार्जिण्या खडकाची परिचित खूण आहे. ते आलेख घातल्यावर पाणी येण्याच्या तारखा तीन आठवड्यांत जुळल्या, एकाही थराची पारगम्यता न फुगवता. पाणी एका पातळ, मोकळ्या थरातून पुढे धावत होते, हेही तेव्हा स्पष्ट झाले, आणि सर्व थरांत एकत्र पाणी भरण्याऐवजी तो थर बंद करून बाकीच्या थरांत भरण्याची शिफारस मला निःशंकपणे करता आली. स्वीकृतीचा कागद हाती आला, त्या दिवशी मला खरोखर अभिमान वाटला.

गेल्या महिन्यात त्याच प्रयोगशाळेकडे दुसऱ्या साठ्याचे नमुने पाठवले. अर्ज जुनाच होता. मुरवण्याचे तापमान, दिवस आणि तेलाची विहीर मी समासात हाताने लिहिली आणि त्याखाली त्यांची सही घेतली.